किराण्याचा डाव

घरात काय खाल्ले जाईल हे बरेचसे वाणसामानाच्या यादीतच ठरते. यादीत नाचणी नसेल तर भाकरी होत नाही, आणि फरसाणाची पुडी आली तर ती डब्यात टिकत नाही. ही यादी पूर्वी वहीच्या पानावर किंवा दुकानदाराला सांगितलेल्या तोंडी हिशेबात असे. आता ती मोठ्या प्रमाणावर मोबाइलच्या पडद्यावर तयार होते. त्या पडद्यावर गुण, पदके, फिरती चाके, खरवडायची कार्डे, ‘आणखी ऐंशी रुपयांची खरेदी करा आणि घरपोच सेवा मोफत मिळवा’ अशा पट्ट्या असतात. ही सारी खेळाची सामग्री आहे. ग्राहकाने अधिक खरेदी करावी म्हणून ती वापरली जाते. तीच सामग्री ग्राहकाने अधिक चांगले खावे म्हणून वापरता येईल का, आणि येत असेल तर कोणत्या अटींवर, हा या पुस्तकाचा विषय आहे.

खेळ नसलेल्या कामात खेळाचे घटक वापरणे म्हणजे गेमिफिकेशन, अशी व्याख्या सेबास्टियन डेटरडिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडली आणि ती आजही बहुतेक अभ्यासक वापरतात. गुण, पातळ्या, पदके, क्रमवारी, आव्हान, सलग दिवसांची साखळी, प्रगतीची पट्टी, कथा, संघ हे त्यातले नेहमीचे घटक. यांतला एखादा घटक आला की खेळ झाला असे नव्हे. खेळात खेळणाऱ्याची मर्जी असते, नियम आधी माहीत असतात, आणि हरले तरी खरे नुकसान होत नाही. पुढे ज्या उदाहरणांचा विचार होणार आहे त्यांतली काही या तीन कसोट्यांवर उतरतात, बरीचशी उतरत नाहीत.

ऑनलाइन किराणा दुकान हे रस्त्यावरच्या दुकानापेक्षा मुळातच वेगळे आहे. रस्त्यावरच्या दुकानात सगळा माल एकाच वेळी नजरेसमोर असतो. पडद्यावर एका वेळी चार-सहा वस्तू दिसतात आणि बहुतेक लोक पहिल्या काही ओळींपलीकडे जात नाहीत. म्हणून कोणती वस्तू वर ठेवायची हा निर्णय जवळजवळ ग्राहकाच्या निवडीइतकाच बलवान ठरतो. मागच्या महिन्याची यादी एका स्पर्शाने पुन्हा मागवता येते, त्यामुळे चांगली सवय जशी टिकते तशी वाईटही टिकते. भाजी हाताळता येत नाही, वास घेता येत नाही. म्हणून पाकीटबंद मालावर विश्वास अधिक बसतो. आणि दुकानाला प्रत्येक घराचा इतिहास ठाऊक असतो: तेल किती दिवसांत संपते, बिस्किटे कोणत्या वारी मागवली जातात, कोणत्या सवलतीला ग्राहक भुलतो. इतकी माहिती कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही असे, पण तो ती लाखो घरांसाठी एकाच क्षणी वापरू शकत नव्हता.

खेळातून वर्तन घडवण्याची कल्पना मात्र मोबाइलइतकी नवी नाही, आणि ती परदेशातून आलेली तर मुळीच नाही. मराठी परंपरेत संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जाणारा मोक्षपट हा सापशिडीचा पूर्वज. त्याच्या घरांवर सद्गुण आणि दुर्गुण लिहिलेले असत. शिडी वर नेई, साप खाली आणी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये पोहोचला आणि पुढे त्यातली नीतीची चौकट गळून नुसते फासे उरले. दुकानदारीच्या बाजूने पाहिले तर अमेरिकेत १८९६ पासून खरेदीवर हिरवी तिकिटे देऊन ती वहीत चिकटवायला लावणारी एस अँड एच कंपनीची योजना चालू होती. भरलेल्या वहीवर भेटवस्तू मिळे. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशांना मैलांचे गुण द्यायला सुरुवात केली आणि ग्राहकाला गुणांनी बांधून ठेवण्याची पद्धत जगभर रुजली. २००९ मध्ये फोरस्क्वेअर या अॅपने जागोजागी हजेरी लावणाऱ्यांना पदके दिली. त्यानंतरच्या दोन वर्षांत गेमिफिकेशन हा व्यवसायजगताचा परवलीचा शब्द झाला.

भारतात सर्वसामान्य माणसाला या पद्धतीची ओळख किराण्यातून झाली नाही, पैसे पाठवण्यातून झाली. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये गूगलने तेझ हे अॅप आणले, जे पुढे गूगल पे झाले. व्यवहार केला की खरवडायचे कार्ड मिळे. २०१९ च्या दिवाळीत दिवा, रांगोळी अशी चित्रे जमवण्याचा खेळ त्यावर आला आणि ‘तुझ्याकडे रांगोळी आहे का’ असे विचारत लोक एकमेकांना संदेश पाठवू लागले. ज्या घरांत कधी कोणी संगणकावरचा खेळ खेळला नव्हता, त्या घरांतल्या आजी-आजोबांपर्यंत हा खेळ पोहोचला. किराण्याच्या अॅपना तयार खेळाडू मिळाले ते असे.

ऑनलाइन किराण्याचा भारतातला प्रवास थोडक्यात सांगता येतो. बिगबास्केट २०११ मध्ये बंगळूरला सुरू झाले. २०१३ मध्ये ग्रोफर्स आले, डिसेंबर २०२१ मध्ये त्याचे ब्लिंकिट झाले. मुंबईत २०२१ मध्ये झेप्टोने दहा मिनिटांत सामान पोहोचवण्याचे वचन देत काम सुरू केले. ठाणे जिल्ह्याचा या इतिहासात वेगळा वाटा आहे. जिओमार्टने व्हॉट्सअॅपवरून किराणा मागवण्याचा पहिला प्रयोग एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, नवी मुंबई, ठाणे आणि कल्याण या तीन ठिकाणी केला. त्यात मागणी जवळच्या किराणा दुकानदाराकडे वळवली जात होती. भिवंडीच्या गोदामांतून तर देशातल्या मोठ्या ऑनलाइन व्यापाराचा माल हलतो. म्हणजे या व्यापाराची पाठवण्याची बाजू आणि घेण्याची बाजू एकाच जिल्ह्यात शेजारी शेजारी आहे.

या विषयाकडे पाहण्याच्या विचारधारा ढोबळमानाने चार आहेत आणि त्यांचे एकमेकींशी पटत नाही. पहिली बक्षिसाची. चांगल्या वागण्याला लगेच मोबदला दिला की ते वागणे वाढते, हा तिचा आधार. गुण, परतावा आणि कूपने हे सारे तिच्यातून आले. दुसरी अंतःप्रेरणेची. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या सिद्धांतानुसार माणसाला तीन गोष्टी हव्या असतात: स्वतः ठरवण्याची मोकळीक, आपल्याला जमते आहे ही जाणीव, आणि इतरांशी नाते. या तिन्हींना पोसणारा खेळ टिकतो, त्यांना मारणारा खेळ बक्षीस थांबताच थांबतो. या बाजूचा सर्वांत बोलका पुरावा १९७३ चा आहे. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांना आवडीने चित्रे काढताना पाहिले, त्यांतल्या काहींना ‘चित्र काढले तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले आणि दिलेही. काही दिवसांनी पाहिले तेव्हा त्याच मुलांची चित्रे काढण्याची हौस इतरांपेक्षा कमी झाली होती. भाजी खाण्यासाठी गुण देणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग ध्यानात ठेवायला हवा.

तिसरी विचारधारा मांडणीची. रिचर्ड थेलर आणि कॅस सन्स्टीन यांच्या २००८ च्या ‘नज’ या पुस्तकाने ती लोकप्रिय केली. तिच्या मते माणसाला समजावण्यापेक्षा त्याच्यासमोरची मांडणी बदलणे सोपे: चांगली वस्तू वर ठेवा, आधीच निवडलेली ठेवा, जवळ ठेवा. चौथी विचारधारा टीकाकारांची. स्वतः खेळ बनवणारे इयन बोगोस्ट यांनी २०११ मध्येच लिहिले की या नावाखाली खेळाचा आत्मा बाजूला राहतो आणि गुणांची नुसती टरफले शोषणासाठी वापरली जातात. ही टीका कडवट आहे, पण किराण्याच्या अॅपवरची फिरती चाके पाहिली की तिच्यात किती तथ्य आहे ते कळते.

या चौघींपैकी कोण बरोबर, याचे उत्तर प्रत्यक्ष प्रयोगांत शोधावे लागते. बक्षिसाच्या बाजूचा सर्वांत मोठा दाखला दक्षिण आफ्रिकेचा. तिथल्या डिस्कव्हरी या आरोग्य विमा कंपनीने २००९ मध्ये आपल्या व्हायटॅलिटी योजनेतून पौष्टिक किराण्यावर २५ टक्क्यांपर्यंत रक्कम परत द्यायला सुरुवात केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १० टक्के परतावा मिळणाऱ्यांच्या एकूण अन्नखर्चात पौष्टिक पदार्थांचे प्रमाण ६ टक्क्यांनी, तर २५ टक्के मिळणाऱ्यांचे ९.३ टक्क्यांनी वाढलेले आढळले. आकडा मोठा नाही, पण खरा आहे, कारण तो लोकांच्या सांगण्यावरून नाही, दुकानाच्या पावत्यांवरून काढलेला आहे. तो खासगी विमा परवडणाऱ्या कुटुंबांचा आहे, हेही विसरता येत नाही. सिंगापूरमध्ये सरकारनेच खेळ मांडला. आरोग्य संवर्धन मंडळाच्या ‘हेल्दी ३६५’ या अॅपवर पावले चालण्याच्या आव्हानाबरोबर २०१७ पासून पौष्टिक खरेदीचे आव्हानही आले. ठरलेल्या वस्तू घेऊन कोड स्कॅन केला की गुण आणि पुढे खरेदीची कूपने मिळत.

मांडणीच्या बाजूचा पुरावा ब्रिटनमधून येतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी वुड्स नावाचे ऑनलाइन दुकान केवळ अभ्यासासाठी बांधले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात काही ग्राहकांना कमी संपृक्त चरबीचे पदार्थ यादीत वर दाखवले, काहींना निवडलेल्या पदार्थाऐवजी त्यातल्या त्यात बरा पदार्थ सुचवला. दोन्हींचा परिणाम झाला, पण नुसता क्रम बदलण्याचा परिणाम सुचवण्यापेक्षा जास्त होता. या निष्कर्षावर थोडे थांबायला हवे. सुचवणे म्हणजे ग्राहकाशी बोलणे. त्यात त्याला विचार करावा लागतो, आणि नको म्हणण्याचा हक्क त्याच्याकडे उरतो. क्रम बदलणे म्हणजे न बोलता केलेली व्यवस्था. ती अधिक परिणामकारक आहे आणि म्हणूनच तिच्यावर अधिक देखरेख हवी. ज्या दुकानाला नाचणी वर आणता येते त्याला शीतपेयही वर आणता येते, आणि व्यवहारात कंपन्या वरच्या जागेसाठी दुकानांना पैसे मोजतात.

मुलांच्या बाबतीत सर्वांत मोलाचे काम अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या शाळांमध्ये झाले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फिट गेम’ या प्रयोगात मुलांना वैयक्तिक बक्षिसे दिलीच नाहीत. संपूर्ण शाळेने मिळून त्या दिवशी ठरलेल्या प्रमाणात फळे किंवा भाज्या खाल्ल्या, तर भोजनगृहातल्या चित्रकथेचे नायक खलनायकांच्या शोधात एक पाऊल पुढे जात. खर्च जवळजवळ शून्य, आणि खाणे वाढले. यात कोणी पहिला नव्हता, कोणी शेवटचा नव्हता. महाराष्ट्रासाठी यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

कारण महाराष्ट्राला सामूहिक स्पर्धेची सवय आहे. आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात गावांनी गुणांसाठी गावे झाडली, शौचालये बांधली, भिंती रंगवल्या. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनने गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा, सत्यमेव जयते वॉटर कप, सुरू केली. पहिल्या वर्षी वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांतली ११६ गावे उतरली. पंचेचाळीस दिवसांची मुदत, कामांनुसार ठरलेले गुण, आधी गावकऱ्यांचे प्रशिक्षण आणि मग श्रमदान. कोरेगाव तालुक्यातले वेळू पहिले आले. यात गुण होते, मुदत होती, क्रमवारी होती, संघ होता. अॅपवाल्यांच्या यादीतले बहुतेक सगळे घटक होते. फरक एवढाच की हरलेल्या गावाच्या शिवारातही चर खोदलेले होते आणि पावसाळ्यात त्यांत पाणी साठले. खेळ संपल्यावर हाती काय उरते, ही कसोटी आरोग्यदायी खरेदीच्या प्रत्येक खेळाला लावावी लागेल.

आज हा विषय तातडीचा का, हे आकड्यांतून कळते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये नवी आहार मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांनुसार देशातल्या एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहाराशी जोडलेला आहे. त्याच संस्थेच्या नमुना ताटात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे आहेत. दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली आणि १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. अति खाणे आणि अपुरे खाणे हे दोन्ही प्रश्न एकाच राज्यात आहेत, कित्येकदा एकाच घरात. परदेशी प्रयोग बहुतेक पहिल्याच प्रश्नासाठी रचलेले आहेत. ‘कमी उष्मांक घ्या, गुण मिळवा’ असा खेळ कल्याणच्या सोसायटीत उपयोगी पडेल. तोच खेळ आदिवासी पाड्यावरच्या गरोदर बाईच्या हाती दिला तर अपाय होईल.

पौष्टिक कशाला म्हणायचे, हेही अजून सर्वमान्य झालेले नाही. चिलीने २०१६ पासून जास्त साखर, मीठ, चरबीच्या पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले. फ्रान्सने २०१७ मध्ये अक्षरांची श्रेणी आणली. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये अर्ध्या ते पाच ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा काढला, आणि तारे हवेत की इशारे यावर तेव्हापासून वाद आहे. साखरेने भरलेल्या पदार्थालाही दोन तारे मिळाले तर ते कौतुकच वाटेल, हा इशाऱ्याच्या बाजूने असलेल्यांचा मुद्दा बिनतोड आहे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना बोर्नव्हिटासारखी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या विभागातून काढायला सांगितली, कारण तशी व्याख्याच कायद्यात नव्हती. तोवर वर्षानुवर्षे लोक त्या विभागात शिरून मुलांसाठी साखर विकत घेत होते. विभागाचे नाव हाही खेळाच्या पटावरचा एक चौकोन असतो.

शहापूर आणि मुरबाडच्या भागात हा व्याख्येचा प्रश्न वेगळेच रूप घेतो. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावडे आहे. आसपास ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे आहेत. पहिल्या पावसाबरोबर शेवळं येतात, ती काकडाच्या फळांबरोबर शिजवावी लागतात नाहीतर घसा खाजतो. मग टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोळी. वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी होते, भातानंतर वाल आणि हरभरा. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात दहाही नसते. पण टाकळ्याच्या जुडीला बारकोड नाही, शेवळांच्या वाट्याला पोषणाचा तक्ता नाही, आणि सुट्या नाचणीला तारे कोण देणार? अॅपवरची गुणपद्धती पाकिटावर छापलेल्या आकड्यांवर चालते. त्यामुळे तिच्यात मल्टिग्रेन बिस्किटाला गुण मिळू शकतात आणि रानभाजीला शून्य. बारकोड नसलेल्या अन्नाला जागा न देणारी कोणतीही गुणपद्धती या भागात आरोग्याच्या नावाखाली पाकिटांचाच प्रचार करील. या पुस्तकाची ही ठाम भूमिका आहे.

टोकावड्यासारख्या गावाचा ऑनलाइन किराण्याशी संबंध काय, असा प्रश्न शहरी वाचकाला पडेल. दहा मिनिटांची सेवा जवळच्या गोदामांवर आणि दाट वस्तीवर चालते. विखुरलेल्या पाड्यांपर्यंत तिचा हिशेब बसत नाही. तरीही पडदा इथे पोहोचला आहे. दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर यादी पाठवणे हा ऑनलाइन किराणाच आहे. कल्याण, ठाणे, मुंबईत नोकरीला असलेली मुले तिथे अॅपवर सामान मागवतात आणि सुट्टीला येताना त्या सवयी गावी आणतात. पाच आणि दहा रुपयांच्या वेफर्सच्या माळा वाडीवरच्या दुकानातही लटकतात.

शिवाय याच तालुक्याने डिजिटल व्यवहाराचा एक धडा देशाच्या आधी गिरवला आहे. नोटाबंदीनंतर सुमारे तीन आठवड्यांत, १ डिसेंबर २०१६ रोजी, मुरबाड तालुक्यातले धसई हे महाराष्ट्रातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. बँक ऑफ बडोदाच्या साहाय्याने व्यापाऱ्यांना कार्ड स्वाइप करण्याची यंत्रे दिली गेली आणि तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या हस्ते आरंभ झाला. धसईची बाजारपेठ आसपासच्या अनेक गावांची, त्यामुळे प्रयोग एका गावापुरता नव्हता. पुढे नोटा परत आल्या आणि रोखीचे व्यवहारही परतले. यंत्र दुकानात असणे ही एक गोष्ट. ते चालायला लागणारे नेटवर्क, बँकेत शिल्लक आणि ते वापरण्याचे रोजचे कारण या वेगळ्या गोष्टी. आरोग्याचा खेळ मांडणाऱ्यालाही याच तीन अडचणी येतील. जिथे ताजी भाजी विकतच मिळत नाही तिथे भाजीसाठी कितीही पदके ठेवली तरी ती कोणाच्या गळ्यात पडणार नाहीत.

म्हणून गावातल्या खेळाचा नैसर्गिक आधार अॅप नसून बचत गट आहे. गटाची बैठक ठरलेल्या दिवशी होते, हिशेब सर्वांसमोर होतो, एकमेकींचा शब्द मानला जातो. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नतीच्या ‘उमेद’ अभियानामुळे असे गट गावोगाव आहेत. ‘या महिन्यात गटातल्या प्रत्येक घरी आठवड्यातून तीन दिवस नाचणी, दोन दिवस पालेभाजी’ असे आव्हान घ्यायला स्मार्टफोनही लागत नाही. दुकानदाराची वही आणि गटाचे रजिस्टर पुरते. गटाने एकत्र मागणी नोंदवली की दुकानदार नाचणी आणून ठेवतो, नाचणी पिकवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळते, आणि पुढच्या महिन्यात खेळ नसला तरी माल असतो. वॉटर कपमध्ये पाणी उरले तसे इथे दुकानात धान्य उरते. कृषी विभागाच्या ऑगस्टमधल्या रानभाजी महोत्सवांना असा बारमाही आधार मिळाला तर ते एका दिवसाच्या प्रदर्शनापुरते राहणार नाहीत.

या क्षेत्रातले धोकेही तितकेच स्पष्टपणे सांगायला हवेत. खरवडायच्या कार्डात काय निघेल हे आधी ठाऊक नसते, आणि ही अनिश्चितता हाच जुगाराचाही गाभा असतो. सलग दिवसांची साखळी तुटू नये म्हणून नको ती खरेदी करणारे ग्राहक दुकानाला हवेच असतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नावानिशी बंद केले. ‘शेवटचे दोन नग उरले’ अशी खोटी घाई, ग्राहकाला न विचारता टोपलीत वस्तू सरकवणे, आणि नकार देणाऱ्याला शरमिंदे करणारी भाषा हे त्यांतले तीन. ‘नको, मला निरोगी राहायचे नाही’ असे बटण आरोग्याच्या नावाने लावले तरी ते याच नियमात मोडते. २०२३ च्याच वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना नेमून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे; घरातली किराणा यादी मुलांच्या खाण्याचीही नोंद असते, याची जाणीव अॅप बनवणाऱ्यांना ठेवावी लागेल. आणि किराण्याच्या पावत्यांवरून घरात मधुमेही आहे हे ओळखता येत असेल तर ती माहिती विमा कंपनीच्या हाती कशी जाते, हा प्रश्न दक्षिण आफ्रिकेच्या यशोगाथेमागेही उभा आहे.

मराठीत या विषयावर सलग लेखन नाही. व्यवस्थापनाची पुस्तके ग्राहक कसा टिकवावा ते सांगतात, आहारशास्त्राची पुस्तके काय खावे ते सांगतात, आणि मोबाइलवरच्या खेळांवरचे लेखन बहुधा पालकांच्या काळजीपुरते राहते. या तिन्हींचा धागा जिथे जुळतो ती जागा हे पुस्तक शोधते. पुस्तकाचा पूर्वार्ध वर सांगितलेल्या चार विचारधारा आणि त्यांच्यामागचे प्रयोग तपशिलाने मांडतो; उत्तरार्धात कल्याण ते टोकावडे हा पट्टा डोळ्यांसमोर ठेवून, शहरातले अॅप, तालुक्याचे दुकान आणि गावातला बचत गट या तीन ठिकाणी खेळ कसा रचता येईल याचा विचार आहे. तयार नमुना देण्याचा हेतू नाही. मांडणीच्या विचारधारेकडे पुस्तकाचा कल आहे आणि वैयक्तिक क्रमवारीला विरोध आहे, हे वाचकाला जागोजागी दिसेल. खर्चावर गुण देऊ नयेत, गुण केवळ टोपलीतल्या मालाच्या प्रकारावर द्यावेत; नियम आधी उघड करावेत; हरणाऱ्याचे काही जाऊ नये; आणि यश मोजायचे ते किती वेळा पडदा दाबला यावरून नाही, सहा महिन्यांनी घरात काय शिजते यावरून, एवढा किमान आग्रह सर्व प्रकरणांत समान आहे.

अॅप बनवणारे तंत्रज्ञ, आहारतज्ज्ञ, आशा कार्यकर्त्या, बचत गटांच्या प्रमुख, शिक्षक आणि किराणा दुकानदार अशा सर्वांसाठी हे लिहिले आहे. यांपैकी दुकानदाराला अशा पुस्तकांतून सहसा वगळले जाते. पण गावाची यादी त्याच्याइतकी कोणालाच पाठ नसते. त्याने हे पुस्तक वाचावे आणि आपल्या दुकानात समोरच्या फळीवर काय ठेवायचे ते स्वतः ठरवून पाहावे, अशी विनंती आहे.